भुलाबाईच्या अंगणात बार्बी

गणपती विसर्जनाची गडबड संपते न संपते तोच वर्ध्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला मातीच्या भुलाबाई-भुलोजींच्या जोड्या मांडल्या जातात. भाद्रपद पौर्णिमेला त्या घरी यायच्या, महिनाभर मुलींनी त्यांच्यापुढे गाणी म्हणायची आणि कोजागिरीला त्यांना निरोप द्यायचा, हा विदर्भातला जुना परिपाठ आहे. त्याच रस्त्यावर चार पावलांवर खेळण्यांचे दुकान असते. तिथे गुलाबी खोक्यांची उतरंड रचलेली असते. प्रत्येक खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी आणि खिडकीत सोनेरी केसांची, लांब मानेची, सदा हसतमुख अशी एक तरुणी उभी. तिचे नाव बार्बी, किंवा बार्बीसारखेच काहीतरी. कारण अस्सल बार्बीच्या मागोमाग तिच्या स्वस्त नकलांची मोठी पलटणही तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचलेली आहे. आईचा हात धरून चाललेली मुलगी या दोहोंपैकी कोणाकडे पाहून थबकते, हे सांगण्यासाठी बालमानसशास्त्राचा आधार घेण्याचे कारण नाही.

बाहुली हा वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कापसाचे भाव, कोरडे कालवे आणि रिकाम्या शाळा यांच्यापुढे बाहुलीचे महत्त्व ते काय? प्रश्न अगदीच अस्थानी नाही. तथापि, समाज आपल्या मुलींकडून काय अपेक्षा करतो, त्यांनी कसे दिसावे आणि काय व्हावे असे त्याला वाटते, याची कबुली तो जितक्या मोकळेपणाने खेळण्यांतून देतो तितकी व्याख्यानांतून देत नाही. पाठ्यपुस्तक मुलीच्या हाती सहाव्या वर्षी पडते. बाहुली त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा तिने दिलेला धडा तपासून पाहणे हे शिक्षकांचे आणि पालकांचे कामच आहे.

ठकीपासून कचकड्यापर्यंत

आपल्याकडे बाहुली नव्हती असे नाही. लाकडाच्या तुकड्यावर नाकडोळे रंगवून केलेली ठकी महाराष्ट्राच्या घराघरांत नांदून गेली. ज्यांना तीही परवडत नसे त्यांच्या घरी आजी चिंध्यांची बाहुली करी. शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या, पोटात कापूस, काळ्या दोऱ्याचे केस आणि काजळाचे डोळे, एवढ्यावर ती सजीव होई. पुढे जर्मनी आणि जपानमधून कचकड्याच्या बाहुल्या आल्या. त्या गुबगुबीत होत्या, आडव्या केल्या की काहींचे डोळे मिटत, आणि सुखवस्तू घरांत त्या खेळण्यासाठी कमी व कपाटात ठेवण्यासाठी अधिक वापरल्या जात. या साऱ्या बाहुल्यांत एक साम्य होते. कचकड्याची बाहुली हे तान्हे मूल होते आणि तिची आई होणे हा मुलीचा खेळ होता. ठकी किंवा चिंधीची बाहुली ही नवरी होती. तिचे बाहुल्याशी लग्न लावणे, वऱ्हाड जेवू घालणे आणि तिला सासरी धाडणे हा खेळाचा कळस होता.

जुन्या बाहुलीविषयी आज आपण हळवे होऊन बोलतो, पण ती तशी निरागस नव्हती, हे मान्य केले पाहिजे. भातुकलीत मुलगी चूल मांडायला, वाढायला, मूल निजवायला आणि निमूटपणे सासरी जायला शिकत होती. ज्या काळात मुलींची लग्नेच आठव्या-दहाव्या वर्षी होत, त्या काळात खेळातले लग्न आणि खरे लग्न यांच्यात फार अंतरही नसे. बाहुली मांडीवरून उतरवून मुलगी बोहल्यावर चढे. म्हणून परदेशी बाहुलीची झडती घेण्यापूर्वी आपल्या घरच्या बाहुलीने शतकानुशतके काय शिकवले याची आठवण ठेवणे न्यायाचे होईल.

लिलीची बार्बी झाली

बार्बीचा जन्म ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात झाला असे मानले जाते. तिची निर्माती रूथ हँडलर. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या मॅटेल या कंपनीच्या संस्थापकांत तिचे पती एलियट हे एक होते, आणि कंपनीचा व्यवहार मुख्यतः रूथच पाहत असे. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना तान्ही मुले न मानता मोठ्या बायका मानते, त्यांच्या तोंडी मोठ्यांचे बोलणे घालते, हे तिच्या ध्यानात आले. मुलीला केवळ ‘आई’ व्हायचे नसते. तिला ‘मोठी’ व्हायचे असते, हा त्या निरीक्षणाचा मथितार्थ होय. १९५६ मध्ये युरोपच्या प्रवासात तिला लिली नावाची जर्मन बाहुली दिसली. ‘बिल्ड’ या वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालिकेतल्या एका चटपटीत तरुणीवरून ती तयार केलेली होती आणि मुळात ती मुलांसाठी नव्हतीच. प्रौढ पुरुषांनी गंमत म्हणून विकत घ्यावी अशी ती वस्तू होती. लिलीत थोडा फेरफार झाला आणि साडेअकरा इंच उंचीची बार्बी उभी राहिली. पहिल्या वर्षी सुमारे साडेतीन लाख बाहुल्या विकल्या गेल्या, असे सांगतात. तिचा मित्र केन १९६१ मध्ये आला. त्याला हँडलर दांपत्याच्या मुलाचे नाव मिळाले.

बार्बीच्या यशाचे मर्म तिच्या शरीरापेक्षा तिच्या कपड्यांत होते. बाहुली एकदा घेतली की संपले, असा हा व्यवहार नव्हता. तिचे झगे, जोडे, पर्स, मोटार, बंगला हे सारे वेगळे विकत घ्यायचे होते. बाहुली तुलनेने स्वस्त ठेवायची आणि तिच्या संसारावर नफा मिळवायचा, ही युक्ती मॅटेलने पुरेपूर साधली. त्या पहिल्या कपड्यांची शिवण जपानमध्ये होई, आणि इवल्या बाह्या व त्याहून इवल्या गुंड्या शिवणाऱ्यांत घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. युद्धाने खचलेल्या देशातील त्या स्त्रियांच्या बोटांनी अमेरिकन मुलींची स्वप्ने शिवली. ‘फॅशन’ची बाहुली ती हीच. तिला कपडे घालायचे असतात, बदलायचे असतात, आणि ते कधीच पुरेसे होत नाहीत. चिंधीच्या बाहुलीला दुसरे लुगडे हवे असेल तर मुलगी सुईदोरा घेई. बार्बीला दुसरा झगा हवा असेल तर मुलगी वडिलांकडे जाते. दोन खेळांतले हे अंतर लहान नाही.

मात्र बार्बीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले ते १९६९ मध्ये. अंतराळवीर बार्बी त्याच्या चार वर्षे आधी, १९६५ मध्येच दुकानात आली होती. पुढे ती डॉक्टर झाली, वैमानिक झाली, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारही झाली. तिचे स्वतःचे घर होते आणि त्या घरात तिचा नवरा नव्हता. चूल आणि पाळणा यांच्या पलीकडे स्त्रीचे आयुष्य असू शकते, हे लहान मुलीला खेळता खेळता सांगणारी ती पहिली लोकप्रिय बाहुली होती. रूथ हँडलरचा हा दावा सर्वस्वी फोल नव्हता, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता आलेले नाही. २०२३ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटाने जगभर एक अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला, आणि त्या चित्रपटाचा विषयही हाच वाद होता: ही बाहुली स्त्रीची मुक्ती की स्त्रीची बेडी?

वजनकाटा आणि बाहुली

बेडीची बाजूही तितकीच खरी आहे. १९६३ च्या एका संचात बार्बीसोबत वजन कमी कसे करावे याचे चिमुकले पुस्तक होते आणि त्यातला सल्ला एकच होता, खाऊ नका! १९६५ च्या दुसऱ्या एका संचात वजनकाटा होता. त्याचा काटा ११० पौंडांवर कायमचा रोवलेला होता. १९९२ मध्ये बोलकी बार्बी निघाली, तेव्हा तिच्या तोंडी गणिताचा वर्ग कठीण असतो अशा अर्थाचे एक वाक्य होते. शिक्षकांनी आणि स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर ते काढून टाकावे लागले. २००६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पाच ते आठ वर्षे वयाच्या १६२ मुलींना निरनिराळी चित्रे दाखवून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी बार्बीची चित्रे पाहिली त्या मुलींत आपल्या शरीराविषयी नाराजी आणि बारीक होण्याची इच्छा अधिक आढळली. सहा वर्षांच्या मुलीने आपल्या पोटाकडे पाहून खट्टू व्हावे, हा कोणत्याही खेळाचा हेतू असू शकत नाही.

या कथेत एक करुण उपकथानकही आहे. ज्या रूथ हँडलरने त्या निर्दोष, कधीही न थकणाऱ्या देहाची बाहुली जगाला दिली, तिला १९७० मध्ये स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. पुढे मॅटेलमधून बाहेर पडल्यावर तिने अशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रियांसाठी कृत्रिम स्तन तयार करण्याचा उद्योग काढला आणि त्या स्त्रियांना ती स्वतः भेटू लागली. खऱ्या देहाची ओळख तिला अशी उशिरा आणि किंमत मोजून झाली. कंपनीला ती व्हायला त्याहूनही अधिक वर्षे लागली. उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची बार्बी बाजारात आली ती २०१६ मध्ये.

गोरेपणाचा बाजार

शरीराच्या घडणीइतकाच, किंबहुना आपल्या दृष्टीने त्याहून गंभीर असा प्रश्न रंगाचा आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सर्व बाबतींत सारख्या, फक्त काही गोऱ्या व काही काळ्या. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, तुला खेळायला कोणती हवी, असे साधे प्रश्न विचारले. कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटी ‘यातली तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारले गेले, तेव्हा काही मुले रडू लागली, काही उठून निघून गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या ऐतिहासिक निकालात या संशोधनाचाही निर्देश आहे. ज्यांना बाहुलीचा विषय क्षुल्लक वाटतो त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की एका राष्ट्राचा कायदा बदलताना न्यायाधीशांपुढे बाहुल्यांची साक्ष झाली होती.

आपल्या देशात अशी साक्ष काढली तर काय निष्पन्न होईल? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बार्बी भारतात येऊ लागली. पुढे तिला साडी नेसवली, कपाळी कुंकू लावले, हातांत बांगड्या भरल्या. वेष बदलला, पण चेहरा तोच राहिला आणि कांतीही उजळच राहिली. कंपनीने हे अज्ञानाने केले असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत तिने १९८० मध्येच ‘बार्बी’ याच नावाने काळी बाहुली काढली होती. भारतात तिला तसे करण्याची निकड भासली नाही, कारण गोऱ्या बाहुलीला गिऱ्हाईक येथे आधीच तयार होते. ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ ही जाहिरात बार्बीने लिहिलेली नाही. गोरेपणाचे सर्वांत प्रसिद्ध मलम १९७५ मध्ये आपल्याच देशात बाजारात आले आणि त्याच्या नावातील ‘गोरी’ हा शब्द गळायला २०२० साल उजाडावे लागले. सावळ्या मुलीच्या जन्मानंतर येणारा तो अर्धवट सुस्कारा कोणत्याही परदेशी कारखान्यात तयार झालेला नाही. विठ्ठलाला सावळा म्हणून आळवायचे आणि सुनेला सावळी म्हणून नाकारायचे, ही विसंगती आपली, अस्सल देशी आहे. मातीच्या भुलाबाईचा चेहराही बहुधा गुलाबी किंवा पिवळसर रंगानेच रंगवतात, मातीच्या रंगाने नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

या संदर्भात वर्ध्यातील एका प्राथमिक शिक्षिकेने सांगितलेला अनुभव नोंदवण्यासारखा आहे. कार्यानुभवाच्या तासाला तिने मुलामुलींना घरून चिंध्या आणायला सांगून बाहुल्या करायला लावल्या. तोंडासाठी तिने स्वतः तीन-चार रंगांचे कापड नेले होते. पांढरे, बदामी, फिकट आणि गडद तपकिरी. वर्गातील बहुतेक मुले सावळी. पण पांढरे आणि बदामी कापड पहिल्या पाच मिनिटांत संपले आणि त्यासाठी भांडणेही झाली. तपकिरी कापड तसेच पडून राहिले. शेवटी आलेल्या एका मुलीला दुसरे उरलेच नव्हते म्हणून तिने ते घेतले. बाहुली पूर्ण झाल्यावर तिने ती मुठीत लपवली. बाईंनी पाहायला मागितली तेव्हा ती म्हणाली, “माझी चांगली नाही झाली.” शिवण तर साऱ्या वर्गात तिचीच सुबक होती. त्या दिवसापासून आपण वर्गात पांढरे कापड नेत नाही, असे त्या शिक्षिकेने सांगितले. उपाय पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु क्लार्क दांपत्याचा प्रयोग आपल्या गावात पुन्हा करून पाहण्याची आवश्यकता उरलेली नाही, एवढे मात्र खरे.

नंदी मुलाचा, बाहुली मुलीची

वर्धा जिल्ह्याला खेळण्यांची स्वतःची परंपरा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मुले मिरवत आणतात, घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. याच जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर आपल्या भव्य नंद्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. खेळण्याला एवढे मोठे होऊन रस्त्यावरून चालण्याचा मान क्वचितच कुठे मिळत असेल. सुतार तो नंदी घडवतो, घरातली माणसे त्याला झूल शिवतात, आणि वर्षभर माळ्यावर ठेवलेला तो नंदी मुलगा मोठा झाला की धाकट्याच्या हाती जातो. तो पिढ्यांचा सोबती असतो. शेतीशी मुलाचे नाते जोडण्याची यापेक्षा सुंदर रीत शोधून सापडणार नाही.

मात्र नंदी मुलाचा आणि भुलाबाई मुलीची, ही वाटणी कोणी केली? मुलाचे खेळणे चाकांवर चालते, गावभर फिरते आणि पैसे मिळवून घरी येते. मुलीचे खेळणे ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसते. अलीकडे तान्ह्या पोळ्यात मुलीही नंदी घेऊन उतरू लागल्या आहेत, हे स्वागतार्ह आहे. भुलाबाईच्या बाजूने मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तिथे बाहुली हे निमित्त असते. खरा खेळ मुलींच्या मेळ्याचा असतो. आज या घरी, उद्या त्या घरी जायचे, टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. सासरच्या जाचाबद्दल जे उघड बोलता येत नसे ते त्या गाण्यांत हसतखेळत येई. बाहुली मुकी असली तरी तिच्यापुढे मुली बोलत्या होत. खोक्यातल्या बाहुलीशी मुलगी बहुधा एकटीच खेळते, आणि मैत्रीण आली तर पहिला प्रश्न ‘तुझ्याकडे कोणती आहे?’ असा असतो.

हा मेळा सर्वांना खुला होता, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले, आणि त्या घटनेचा देशभर गौरव झाला. परंतु देवळाचे दार उघडल्याने घरांची सगळी अंगणे उघडली असे नाही. कोणाच्या मुलीने कोणाच्या ओट्यावर चढावे, हे गाव ठरवीत असे. दुकानातल्या बाहुलीला पैसा लागतो, हा तिचा दोष. पण ती विकत घेणाऱ्याची जात विचारीत नाही. गतकाळाचे गोडवे गाताना हा हिशेब विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वर्ध्याचा वारसा

बाहुलीच्या या प्रश्नाला वर्ध्याने काही उत्तर द्यावे अशी अपेक्षा करणे गैर नाही, कारण शिक्षण आणि हात यांचा संबंध जोडण्याचा देशातील सर्वांत मोठा प्रयोग येथेच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती आणि ‘नई तालीम’ जन्मास आली. मुलाने एखादी वस्तू आपल्या हातांनी घडवावी आणि त्या घडवण्यातूनच गणित, भूगोल, भाषा शिकावी, हे तिचे सूत्र होते. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ते वर्षानुवर्षे प्रत्यक्षात आणून दाखवले. १९३८ च्या अखेरीस मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले गेले, तेही खादी आणि ग्रामोद्योग यांची कारागिरी लोकांपुढे मांडण्यासाठीच. आणि खुद्द गांधीजींच्या मोजक्या चीजवस्तूंत तीन माकडांची एक इवली मूर्ती होती. ज्या माणसाने बहुतेक सारे टाकून दिले त्याने एक खेळणे मात्र जवळ ठेवले, ही गोष्ट बोलकी आहे.

हा जिल्हा कापसाचा. एके काळी इंग्लंडच्या कापूसबाजारात हिंगणघाटचे नाव मानाने घेतले जाई. त्याच जिल्ह्यातल्या मुलीच्या हातात आज प्लास्टिकची बाहुली आहे, तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा झगा आहे, आणि त्या मुलीचा बाप कापसाला भाव नाही म्हणून चिंतेत आहे. दोन्ही गोष्टींचा थेट कार्यकारणभाव लावणे बालिशपणाचे होईल. पण चिंधी आणि कापूस यांचा जिथे तुटवडा नाही तिथे बाहुली दुरून विकत आणावी लागते, हे चित्र मनाला लागते खरे.

सरकारने या प्रश्नाकडे व्यापाराच्या दृष्टीने पाहिले आहे. २००१ मध्ये आयातीवरील परिमाणाचे निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांची आवक सुरू झाली. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली, हे योग्यच झाले. देशी कारखानदाराला आणि कारागिराला या धोरणाचा लाभ मिळावा. पण जकातीची भिंत बाहुली अडवू शकते, बाहुलीतला विचार अडवू शकत नाही. तीच गोरी कांती, तीच अशक्य कंबर, तोच निळा डोळा, आणि खाली ‘भारतात तयार झाले’ असा शिक्का! याला स्वदेशी म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा जन्मच ज्या भूमीत घासूनपुसून उजळला तिची ती थट्टा ठरेल.

काय करता येईल

बंदीचा मार्ग येथे उपयोगाचा नाही आणि इष्टही नाही. मुलीच्या हातातून बार्बी हिसकावून घेऊन तिच्या हाती आदर्शाचे पुस्तक देणे, हा क्रूरपणाचाच एक प्रकार झाला. ज्या घरी ती बाहुली आहे तिथे ती सुखाने राहो. तिच्या शेजारी दुसऱ्या चार बाहुल्या याव्यात, एवढेच पाहिले पाहिजे. एकच बाहुली आरसा बनते. पाच बाहुल्यांचा मेळा जमला की त्याचे गाव होते.

शाळांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळण्यांतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे आणि २०२३ मध्ये लहान मुलांसाठी खेळण्यांची ‘जादुई पेटी’ही निघाली. पेटी वरून येण्याची वाट न पाहता कार्यानुभवाच्या तासाला चिंध्यांच्या बाहुल्या करता येतील, आणि त्या मुलांनीही करायच्या. जो मुलगा बाहुलीची बाही शिवेल तो पुढे घरात शिवणटिपण हे बायकांचे काम म्हणून हात झाडणार नाही, अशी आशा ठेवायला हरकत नाही. बाहुली नवरीच का असावी? ती कंडक्टर असावी, परिचारिका असावी, कापूस वेचणारी मजूर असावी, ग्रामपंचायतीची सरपंच असावी. यांतली एकही बाई वर्धा जिल्ह्यातील मुलीला परकी नाही. तिने त्या सर्वजणींना रोज पाहिलेले आहे, फक्त बाहुली होण्याच्या योग्यतेच्या त्या आहेत हे तिला कोणी सांगितलेले नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये दिल्लीला आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे केले आणि त्यात देशोदेशीच्या बाहुल्यांबरोबर भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या वेषभूषाही जतन केल्या. तालुक्याच्या एखाद्या वाचनालयात, एखाद्या शाळेच्या काचकपाटात मुलांनी घडवलेल्या बाहुल्यांचे असे छोटे दालन सहज निघू शकेल. त्यासाठी अनुदान लागत नाही.

मूर्तिकारांशीही बोलता येईल. भुलाबाई घडवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक जे मागते तेच तो रंगवतो. चार घरांनी सावळी भुलाबाई मागितली तर तो पाचवी आपणहून करील. बाजाराला सारा दोष देण्याची आपली सवय आहे. पण बाजार शेवटी आपल्याच आवडीचा हिशेबनीस असतो.

आणि आईबापांनी एक लहानसे पथ्य पाळावे. मुलीसमोर तिच्या रंगाविषयी, उंचीविषयी, वजनाविषयी बोलू नये. कौतुकानेही नको आणि कळकळीनेही नको. दुकानातल्या बाहुलीला बोलता येत नाही. तिच्या तोंडी जे शब्द मुलगी घालते ते तिने आपल्याच घरात ऐकलेले असतात.

कोजागिरीच्या रात्री भुलाबाई-भुलोजींना निरोप दिला जातो. महिनाभर गाण्यांत न्हालेली ती माती पाण्यात विरघळते आणि पुढच्या भाद्रपदात कुंभाराच्या हातून पुन्हा नवी होऊन येते. प्लास्टिकची बाहुली विरघळत नाही. हात तुटला, केस झडले तरी ती वर्षानुवर्षे उकिरड्यावर त्याच हसऱ्या चेहऱ्याने पडून राहते. येत्या वर्षी माती कालवताना तिचा चेहरा कसा असावा हे आपल्याला ठरवता येईल. मुठीत बाहुली लपवणारी ती मुलगी कदाचित त्याही वर्षी बाजारात आईचा हात धरून येईल, आणि मांडलेल्या जोड्यांकडे पाहील. त्यांत एक तरी तिच्यासारखी असली पाहिजे.